पेशंटचा चष्मा कुठाय? – आयसीयू, वात आणि माणुसकी

गुऱ्हाळघर

ऑपरेशन झकास झालं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बाई डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायला बसली. कोल्हापुरातलाच दवाखाना आहे. नाव सांगणार नाही, व्यनितूनही (खासगी निरोपातूनही) विचारू नका.

आमचे आबा एक्क्याऐंशीचे. सगळी हयात गुऱ्हाळावर गेली, करवीर तालुक्यात आसपासच्या गावांत गुळव्या म्हणून नाव होतं. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला आत नेताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन, करगोटा सगळं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिलं आणि वहीत सही घेतली. नियम बरोबरच आहे. पण ऑपरेशन झाल्यावर ती पिशवी परत मागायची, हे कुणाच्याच कामात धरलेलं नव्हतं.

त्यामुळं शुद्धीवर आले तेव्हा त्यांना धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि तोंडात कवळी नाही म्हणून ते काय बोलतात ते दुसऱ्याला कळत नव्हतं. डोक्यावर दिवसरात्र ट्यूबलाईट. रात्री आबांना वात झाला. "जाळ कमी कर रे, पाक करपतोय", "काहील उतरा, काहील उतरा" असं ओरडायला लागले. (काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई.) सलाईन उपसली. मग बँडेजच्या पट्टीनं दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधले. सकाळी आम्हाला निरोप मिळाला, "अकरा नंबर लई त्रास देतोय, झोपेचं इंजेक्शन दिलंय."

पुढच्या रात्री ड्युटीला वेगळ्या सिस्टर होत्या. आबांचं ओरडणं सुरू झालं तशा त्या बाहेर आल्या. मी बाकड्यावर बसले होते. म्हणाल्या, "चष्मा कुठाय ह्यांचा? कानाचं मशीन लावतात काय? आणा इकडं." बॅटरी चालू आहे का म्हणून मशीन आधी स्वतःच्या कानाशी धरून शिट्टी वाजते का बघितली, मग आबांच्या कानात बसवलं, चष्मा पदराला पुसून घातला (पदर माझा, युनिफॉर्मला कुठला पदर). आणि "आजोबा, शांत व्हा" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. वाकून म्हणाल्या, "आबा, काहील उतरली. पाक चांगला आलाय." आबा गप्प. मग म्हणाल्या, "आता तुम्ही दवाखान्यात हाय. पायाचं हाड बसवलंय. रात्रीचं दोन वाजल्यात, लेक हितंच हाय तुमची."

आबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं, माहेरी गुऱ्हाळ होतं म्हणाल्या. आबांनी त्या गावच्या उसाला नावं ठेवली. मग सिस्टरनी एका हाताची पट्टी सोडली आणि तो हात माझ्या हातात दिला.

जादू वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बडबड सुरू झाली, उतरायला आठवडा गेला. आणि त्या सिस्टर काही गोडबोल्या नव्हत्या. चप्पल घालून आत आले म्हणून मला सगळ्यांदेखत झापलं होतं.

म्हणूनच हा धागा. दवाखान्यातली माणुसकी म्हटलं की आपण हसरा चेहरा, गोड बोलणं आणि भिंतीवर हात जोडलेल्या बाईचं पोस्टर एवढ्यावर येऊन थांबतो. मला तिथं दिसलं ते वेगळंच. समोरचा माणूस आत्ता कुठं अडकलाय हे ओळखणं, आणि त्याला तिथून बाहेर यायला लागणारी वस्तू किंवा माहिती हातात देणं. आमच्या बाबतीत ती वस्तू पिशवीत पडून होती. हे एखाद्या सिस्टरच्या स्वभावावर आणि माहेरावर सोडायचं, की ब्लडप्रेशर बघतात तसं सगळ्यांच्या ड्युटीत घालायचं? इथं डॉक्टर, नर्स बरेच आहेत. मोकळेपणानं लिहा.

पेठेतला_गडी

गुळव्याला काहील चुलवाणावर तशीच ठेवून झोप म्हणत होते व्हय! कसा झोपंल त्यो? सिस्टरचा नाद न्हाई करायचा.

आरेमओ

वैद्यकीय बाजू मांडतो. तुम्ही ज्याला वात म्हणता त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे फार दिसतं. कारणं एकात एक गुंतलेली असतात. वेदना, जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, काही औषधं, झोपमोड, आणि त्यात भर म्हणून न दिसणं, न ऐकू येणं. त्यामुळं आधी ही सगळी कारणं तपासावीच लागतात. चष्मा घातला की काम झालं, असा अर्थ कुणी काढू नये.

पण चष्म्याचा भाग खरा आहे आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीच्या पुढच्या ८५२ पेशंटचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला चष्मा, कानाचं मशीन, आज वार कोणता आणि आपण कुठं आहोत हे सांगणं, लवकरात लवकर अंथरुणातून उठवून चालवणं, रात्री न उठवता झोपू देणं, वेळेवर पाणी पाजणं. डिलिरियमचं प्रमाण पहिल्या गटात १५ टक्के, दुसऱ्यात ९.९. यात महागडं औषध एकही नाही. मात्र एकदा वात सुरू झाल्यावर त्याचा जोर कमी करण्यात फारसा फरक दिसला नाही. तुमच्या आबांची बडबड संध्याकाळी परत सुरू झाली ती त्यामुळंच. ती पिशवी पहिल्याच संध्याकाळी परत यायला हवी होती.

आता कडू बोलतो. हात बांधले की पेशंट जास्त बिथरतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण आयसीयूत गंभीर पेशंटला एकास एक सिस्टर असावी असा निकष आहे. प्रत्यक्षात रात्री काय असतं ते या धाग्यावरच्या सिस्टर सांगतील. तीन पेशंट सांभाळणारी मुलगी एकाची शिरेतली सुई निघू नये म्हणून पट्टी बांधते, तेव्हा तिच्यात दया नाही असं म्हणणं सोपं आहे.

तीनदा_वाचा

दरवेळी स्टाफ कमी, स्टाफ कमी. बिलात 'नर्सिंग चार्जेस' वेगळे लावता, ते कशाचे? मी पेशंट म्हणून करुणा मागतच नाही. मला माहिती हवी. काय झालंय, काय करणार, किती पैसे. २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी. आजार आणि उपचार समजावून घेणं हा त्यातला हक्क आहे. हक्काच्या गोष्टीला माणुसकी म्हटलं की ती उपकार होते. मग दिली तर दिली.

गुऱ्हाळघर

@तीनदा_वाचा, हे पटलं. पण सनद वाचायलासुद्धा आबांना चष्मा लागला असता!

नाईटड्युटी

धागा रात्री वाचला, उत्तर आता ड्युटी उतरल्यावर देतोय. बाईच आहे, पण कोल्हापूरची. आमच्याकडं बायकाही 'देतोय' म्हणतात, वाचून कुणी गोंधळू नका.

रात्री किती सिस्टर असतात ते आरेमओ साहेबांनी माझ्यावर ढकललंय. पुरेशा नसतात. एवढंच लिहितो, नोकरी करायची आहे.

आता वेळेचं. माणुसकीला वेळ लागतो असं जे समजतात त्यांनी पेशंटला कुशीवर वळवून बघावं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी वळवायचा असतो. काही न बोलता चादर ओढली की पेशंट दचकतो, अंग ताठ करतो, दांडी धरून ठेवतो. मग वॉर्डबॉय मामांना बोलवा, दोघं मिळून ढकला. तेच "आबा, आता उजव्या कुशीवर घेतो, डावा हात छातीवर ठेवा" म्हटलं की निम्मं वजन तो स्वतःच उचलतो. बोलायला जेवढा वेळ गेला त्याच्यापेक्षा जास्त वाचला.

बेलचंही तसंच. "येतो थांबा" म्हणून गेलं की पाच मिनिटांत परत बेल. "दहाचं इंजेक्शन द्यायला येतो, तेव्हा पॉटपण देतो" असं सांगितलं की बेल वाजत नाही. माणूस घड्याळाकडं बघत पडून राहतो. समोर घड्याळ मात्र पाहिजे. आमच्याकडं वॉर्डातलं घड्याळ सिस्टरच्या टेबलाकडं तोंड करून आहे.

बेड नंबरचं सांगायचं तर, नंबर आम्ही सोडू शकत नाही. ड्युटी बदलताना, हँडओव्हरला "अकराला सलाईन, बाराला ब्लड" असंच चालतं आणि एका वॉर्डात तीन पाटील असले की नंबरनंच घोटाळा टळतो. (औषध देताना नाव विचारायचंच, ते वेगळं.) पण नंबर आमच्या आपसात असावा. पेशंटसमोर आणि नातेवाइकांसमोर नको. "अकरा नंबर त्रास देतोय" हे लेकीला सांगायचं वाक्य नाही.

आणि एक. आमच्याकडं कोण बघतं? पहाटे एक बाई गेली, तिचे डोळे मिटवले, कापूस घातला, बॉडी बांधली. सातला त्याच कॉटवर नवी चादर आणि नवा पेशंट, आणि त्याचे नातेवाईक म्हणतात सिस्टरचं तोंड वाकडं. चहा प्यायला दहा मिनिटं द्या कुणीतरी. स्वतःजवळ काही शिल्लक असेल तर देणार ना.

पेठेतला_गडी

सिस्टर, चहा आमच्याकडनं.

आकडेमोड

वेळेबद्दल थोडे आकडे, कारण हा वाद नेहमी तिथंच अडकतो.

२०१७ साली ६७ देशांच्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास.

दुसरा आकडा. अमेरिकेतल्या १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पेशंटनं तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलायचे.

आणि माझा आवडता तिसरा. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या डॉक्टरांनी ठरवलं की पेशंटला मध्ये तोडायचं नाही, तो आपणहून थांबेपर्यंत ऐकायचं. ३३५ पेशंट. सरासरी किती वेळ बोलले? ९२ सेकंद. पाऊण भागापेक्षा जास्त लोक दोन मिनिटांच्या आत थांबले. अभ्यास २००२ सालचा. "बोलू दिलं तर ही माणसं थांबतच नाहीत" असं जे म्हणतात, त्यांनी कधी थांबून बघितलेलं नसतं. अर्थात आपल्याकडं दोनच मिनिटं मिळतात म्हटल्यावर ९२ सेकंद पेशंटचे, उरलेले २८ तपासायला आणि चिठ्ठी लिहायला. तेव्हा आरेमओ म्हणतात त्यातही तथ्य आहे.

तीनदा_वाचा

सगळे आकडे गोऱ्यांचे. आपला पेशंट ९२ सेकंदात थांबेल? आमचे काका पोटदुखी सांगताना २०१९ च्या पुरापासून सुरुवात करतात.

आरेमओ

काकांचं घर पुरात गेलं असेल आणि पोटदुखी तेव्हापासून असेल तर ती आजाराची हिस्टरीच आहे. लिहून घेईन मी.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर खुर्चीचं सांगतो. अमेरिकेत टेक्ससमधल्या रुग्णालयातला एक गमतीदार प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना न कळू देता काही पेशंटच्या कॉटला लागून, तीन फुटांच्या आत, खुर्ची ठेवली. बाकीच्या खोल्यांत खुर्ची होती, पण नेहमीच्या जागी. खुर्ची जवळ होती तिथं ६३ टक्के वेळा डॉक्टर बसले, बाकीकडं ८ टक्के. डॉक्टर खोलीत थांबले तेवढाच वेळ, पण खुर्ची जवळ होती तिथले पेशंट डॉक्टरांवर जास्त खूश. डॉक्टरांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. फर्निचर सरकवलं होतं.

गारगोटीवाला

खुर्ची ठेवा हो, पण तिच्यावर आमची पिशवी, त्यावर डबा, त्यावर टॉवेल. डॉक्टर बसणार कुठं?

नातेवाइकांचं पण कुणीतरी बोललं पाहिजे. आमच्याकडं पेशंट ॲडमिट झाला की गावातनं जीप भरून लोक येतात. नाही आलं तर नावं ठेवतात. शहाळं कॉटखाली ठेवायचं आणि पेशंटसमोरच सुरू, "आमच्या चुलत्याला बी असंच झालं हुतं, चार दिसात आटोपलं." झोपलेल्याला हलवून उठवतात, "वळखलंस काय मला?" माया आहे, नाही म्हणत नाही. पण पेशंटला त्यात काही मिळत नाही. त्यापेक्षा एकानंच यावं, गप बसावं, पाय चेपावेत.

चांगला अनुभवही सांगतो. वडिलांचं हार्टचं काम महात्मा फुले जन आरोग्य योजनेतनं झालं. त्या दवाखान्यात जो आरोग्यमित्र होता, त्यानं रेशनकार्डावरची नावाची चूक बघितली आणि कुठल्या कार्यालयात जायचं, कुणाला भेटायचं, कुठला कागद सोबत न्यायचा, ते एका चिठ्ठीवर ओळीनं लिहून दिलं. हसला बिसला काही नाही. पण त्या चिठ्ठीनं आईचा जीव भांड्यात पडला.

दोन_लेकरांची_आई

लिहू का नको असं करत होते. पहिल्या बाळंतपणाला कळा असह्य होऊन ओरडले तर आतली बाई म्हणाली, "तेव्हा गोड लागलं, आता कशाला बोंबलतीस?" हे वाक्य मला एकटीलाच ऐकायला मिळालेलं नाही. मैत्रिणींना विचारलं तर जवळजवळ तेच शब्द, वेगवेगळ्या गावांत. टाके विसरले, हे विसरले नाही.

दुसऱ्या वेळी सरकारी ठिकाणी गेले. प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक बाई घेता येते, केंद्र सरकारनं २०१६ सालीच तशी परवानगी दिलेली आहे, हे आशाताईंनी सांगितलं. जाऊबाई आत होत्या. त्यांनी विशेष काही केलं नाही, कंबर दाबून धरली आणि पाणी पाजलं. पण घरचं माणूस उभं आहे म्हटल्यावर तोंड सांभाळून बोलतात सगळे.

नाईटड्युटी

@दोन_लेकरांची_आई, बरं केलंत लिहिलंत. ते वाक्य मीपण ऐकलंय, ट्रेनिंगला असताना, सीनियरच्या तोंडून. आम्हाला वाटायचं लेबर रूममध्ये असंच बोलायचं असतं.

आरेमओ

हाच मुद्दा आहे. शिकणारा वरच्याला बघून शिकतो. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा अभ्यासक्रम आला आहे. आमच्या वेळी नव्हता. पण वर्गात संवाद शिकून पोरगं राउंडला जातं आणि तिथं सर फाईलकडं बघत, पेशंटच्या पायाशी उभं राहून, इंग्रजीत "प्रोग्नोसिस पुअर" (बरं व्हायची आशा कमी) म्हणून पुढं जातात. पोरगं काय उचलणार?

दुसरी बाजूही लिहितो, मग रागवा. दवाखान्यांतल्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी मारहाणी होतातच. बाहेर जमाव असला की डॉक्टर बोलतो ते पेशंटशी नसतं, ते उद्याच्या पोलीस स्टेशनातल्या जबाबासाठी असतं. मोजून मापून, सहीपुरतं. वाईट बातमी सांगायची तर शांत खोली हवी, दोन जवळची माणसं हवीत, आधी "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" विचारायला हवं, आणि सांगून झाल्यावर गप्प बसता यायला हवं. कॉरिडॉरमध्ये पंचवीस जणांसमोर यातलं एकही होत नाही.

जुनी_तालीम

दवाखान्यातनं घरी आल्यावरचं पण बघा. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टर आणि साध्या लोकांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढं ते गल्लोगल्ली पसरलं. शेजारचीच माणसं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, जखम धुतात, गप्पा मारतात, अडलं तर नर्सला बोलवतात. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं धोरणच केलं.

आपल्याकडं काय कमी आहे? पेठेपेठेत तालीम मंडळं, पूर आला की पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, रक्तदानाला रांगा लावतात. पण बारा महिने अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्याकडं आठवड्यातनं एकदा जाऊन अर्धा तास बसायचं म्हटलं की कुणी नाही. त्यात फोटो येत नाही ना.

पेठेतला_गडी

लागलं. आमच्या गल्लीत असं कोण कोण हाय ते रविवारी पोरांस्नी विचारतो. पण जखम बिखम धुणं शिकवणार कोण? उगं जाऊन घोळ नको.

नाईटड्युटी

शिकवतो मी. रविवारी सुट्टी नसते, बुधवारी दुपारी जमेल. चार-पाचजणच या, गर्दी नको.

गुऱ्हाळघर

सगळ्यांना धन्यवाद. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तरी मिळालं. वळवताना आधी सांगायचं, खुर्ची कॉटला लावून ठेवायची, पिशवी परत मागायची, हे ड्युटीत घालता येतं आणि घालायलाच हवं. काहील उतरली म्हणून सांगायचं मात्र यादीत बसत नाही. ते ज्याला सुचेल त्याला सुचेल.

आबांचा दुसरा खुबा तपासायला पुढच्या महिन्यात परत ॲडमिट करायचं आहे. या वेळी मी एक कागद करून नेणार आहे, मोठ्या अक्षरात. आबा म्हणून हाक मारा. डाव्या कानानं ऐकतात, मशीन लावल्यावर. कवळीशिवाय बोलणं कळत नाही. गुळव्या होते, गुळाचा विषय काढला की बोलतात. दूध चालत नाही. सिस्टर, असा कागद लावलेला चालेल का? चिडतील का कुणी?

नाईटड्युटी

नाही चिडत, उलट बरंच आहे. पण फाईलला लावू नका, फाईल राउंडला फिरते आणि कागद हरवतो. कॉटच्या डोक्याकडच्या दांडीला चिकटपट्टीनं लावा. फोन नंबर त्यावर घालू नका, तो आमच्या वहीत असतोच. कवळीच्या डबीवर पेनानं नाव लिहा, आणि कानाच्या मशीनच्या जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन या. रात्री दोन वाजता त्या कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाहीत.